इस्त्रीमास्तरांचं शहर

"वळून बघू नका," मास्तर म्हणाले. "आधी मी सांगतो, मग बघा. तुमच्या पाठीशी जुनं जकातघर आहे. त्याला ओळीनं कमानी आहेत आणि शेवटच्या कमानीत विहीर आहे."

साडू अर्थातच वळले. जकातघर होतं. कमानी होत्या. शेवटच्या कमानीत विहीर होती आणि तिच्यावर लोखंडी जाळीसुद्धा होती. साडूंनी हातातलं सहलीचं पुस्तक उघडलं, चष्मा पुसून विहिरीचं पान वाचलं आणि काही न बोलता पुस्तक मिटलं. साडू काही बोलले नाहीत असा प्रसंग त्यांच्या बायकोच्या आठवणीत नव्हता. तिने कौतुकाने मास्तरांकडे पाहिलं, आणि मास्तरांच्या बायकोने कौतुकाने आपल्या बहिणीच्या कौतुकाकडे पाहिलं.

मास्तर म्हणजे इस्त्रीमास्तर. मागे धक्क्याला पांढरीशुभ्र बोट लागली होती, तिच्या पोटात, पाण्याच्याही खाली, धुलाईखाना होता. तिथल्या वाफेच्या इस्त्रीपाशी मास्तरांनी उभा जन्म काढला होता. बायकोच्या माहेरी मात्र त्यांना 'बोटवाले' म्हणत, आणि तो शब्द उच्चारताना लोक जरा सावरून बसत. हा मान मास्तरांनी मिळवलेला नव्हता, त्यांच्या बायकोने मिळवला होता. नवऱ्याने फोनवर सांगितलेल्या देशोदेशीच्या गोष्टी ती माहेरी जाऊन सांगे, आणि सांगण्यात ती नवऱ्यापेक्षा काकणभर सरसच होती.

गोष्टी सगळ्या थापा होत्या. मास्तर या शहरात आज जन्मात पहिल्यांदा उतरले होते.

यात मास्तरांचा दोष किती आणि बोटीचा किती, हे ज्याने त्याने ठरवावं. बोट दर फेरीला या बंदरात सकाळी लागायची आणि संध्याकाळी सुटायची. उतारू शहर बघायला गेले की खोल्या मोकळ्या होत, आणि खोल्या मोकळ्या झाल्या की साऱ्या बोटीच्या चादरी, अभ्रे आणि टॉवेल एकदम खाली येऊन पडत. ज्या दिवशी जग सुट्टीवर, त्या दिवशी धुलाईखान्याला मान वर करायला फुरसत नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच फेरीत नव्या नवरीने फोनवर विचारलं, आज काय काय पाहिलंत? मास्तरांनी दिवसभर टेबलावर अंथरायची कापडं पाहिली होती, तीही रश्श्याने माखलेली. दिवसभर फोनची वाट बघत बसलेल्या मुलीला हे कोण सांगेल? "एक बुरूज पाहिला," मास्तर म्हणाले. तिने विचारलं, केवढा होता? तिथे मास्तर जे अडकले ते अडकले.

पुढे एका उतारूच्या पँटच्या खिशातून या शहराचा नकाशा निघाला. निघाला तो पँट धुऊन झाल्यावर. खालच्या अर्ध्याचा लगदा झालेला, वरचा अर्धा जसाच्या तसा. मास्तरांनी तो वाळवला, हलक्या हाताने इस्त्री फिरवली आणि झोपायच्या फळीवर, डोक्याशी चिकटवला. रोज निजताना तोच समोर. अर्धं शहर त्यांना इतकं पाठ झालं की डोळे बांधून सोडलं असतं तरी ते जकातघरापाशी नेमके वळले असते. उरलेलं अर्धं शहर म्हणजे मोकळं रान. जे तपासता येणार नाही ते मास्तर तिकडे नेऊन ठेवत. तिकडेच त्यांनी आपला एक जिवलग दोस्त वसवला, छत्रीवाला. दर खेपेला त्याच्या दुकानात बसायचं, चहा घ्यायचा, सुखदुःखाचं बोलायचं. बायकोला हा छत्रीवाला फार आवडे. फोनवर ती त्याच्या गुडघेदुखीची चौकशी करी.

सगळं सुरळीत चाललं होतं, तोच बोटीच्या मालकांनी कामगारांच्या नातलगांना तिकिटात सवलत दिली. बायको आली आणि येताना आपल्या थोरल्या बहिणीला आणि साडूंना घेऊन आली. साडू वाहतूक कार्यालयातून निवृत्त झाल्यापासून सहली करत सुटले होते. ताईंच्या घरी त्या सहलींचे फोटो भिंतभर लावलेले होते. पाहुण्यांना चहा मागून मिळे, फोटो आधी. इतकी वर्षं मास्तरांच्या बायकोने त्या भिंतीला तोंड दिलं ते फोनवरच्या गोष्टींच्या जोरावर. मुकादमाने मास्तरांना बोट सुटेपर्यंत रजा दिली होती, आणि रजा मिळाल्यापासून मास्तरांची झोप उडाली होती. आज थाप उघडी पडली तर आपलं काय व्हायचं ते होवो, पण बहिणीच्या देखत बायकोची मान खाली जाईल, हे त्यांना अन्न गोड लागू देत नव्हतं.

म्हणून विहीर जागेवर सापडली तेव्हा मास्तरांना तिच्या जाळीवर डोकं टेकावंसं वाटलं.

"आता बुरूज," ते जोरात म्हणाले. "हा इथून पाच मिनिटांवर. सरळ रस्ता."

नकाशावर रस्ता सरळच होता. पण नकाशा सपाट कागदावर असतो, शहर डोंगराच्या उतारावर होतं. कोपऱ्यावरून वळले तर समोर पायऱ्या. त्या वर गेल्या होत्या, वळल्या होत्या आणि वळून परत वरच गेल्या होत्या. एक म्हातारी रिकामी पिशवी घेऊन खाली येत होती, ती मध्येच बसली होती.

"पाच मिनिटं?" साडूंनी विचारलं.

"येताना," मास्तर म्हणाले.

चढताना कोणी बोललं नाही, कारण बोलायला श्वास लागतो. साडू प्रत्येक वळणावर थांबून पुस्तकात बघत, पुस्तकात मजकूर असो वा नसो. ताई मात्र वर पोचताच म्हणाल्या की हे असलं चढायचं आणि पुन्हा बोटीत जाऊन काम करायचं म्हणजे तुमची खरंच कमाल आहे. मास्तरांनी नम्रपणे मान डोलावली. त्यांच्या पोटऱ्या थरथरत होत्या.

बुरूज छान निघाला. नकाशात होता तसा गोल होता आणि मास्तरांनी फोनवर सांगितला होता त्यापेक्षा लहान होता, पण आपण लांबून दमून आलेलो असलो की बघायची गोष्ट मोठीच वाटते. बायकोने दगडावर हात फिरवला आणि बराच वेळ काढला नाही. पलीकडच्या दाराने बाहेर पडताना मास्तरांना जाणवलं की आता नकाशा संपला. उंबऱ्याच्या अलीकडे सगळं पाठ आणि पलीकडे नुसता लगदा.

"चला आता," ताई उत्साहाने म्हणाल्या, "तुमच्या छत्रीवाल्याकडे."

आज दुकान बंद असतं, असं मास्तर म्हणाले. साडूंनी पुस्तकात बघून सांगितलं की आज बाजार उघडा असतो. मग मास्तरांना आठवलं की तो बाहेरगावी जाणार होता. बायको म्हणाली, अहो, मागच्या फोनवर तर म्हणालात की तो गाव सोडून कधी कुठे जात नाही. मास्तर म्हणाले की हल्ली त्याची तब्येत बरी नसते. साडूंनी पुस्तक काखेत मारलं आणि आजारी असेल तर भेटायलाच हवं, असा निकाल दिला.

निघाले. रस्ता चुकलेला माणूस हळू चालतो, म्हणून मास्तर भराभर चालत होते. गल्लीला फाटा फुटला की जिकडे उजेड जास्त तिकडे ते वळत, आणि वळताना "हं" असं ओळखीच्या सुरात म्हणत. वाटेत एक न्हाव्याचं दुकान लागलं. आत एक जाडगेला गृहस्थ दोन्ही गालांना साबण फासून बसला होता. बऱ्याच वेळाने पुन्हा एक न्हाव्याचं दुकान लागलं. आत एक जाडगेला गृहस्थ बसला होता, त्याचा एक गाल साफ झाला होता.

"हे दुकान मघाशी लागलं होतं," साडू म्हणाले.

"ते वेगळं," मास्तर म्हणाले. "भाऊभाऊ आहेत. वाटणी झाल्यावर धाकट्यानं इकडे काढलं."

"आणि गिऱ्हाईक?"

"तेही भाऊच."

साडू आरशातून त्या गृहस्थाकडे बघत उभे राहिले. गृहस्थाने साबणाच्या हाताने त्यांना सलाम केला. मास्तरांची बायको मात्र न्हाव्याकडे बघत नव्हती. ती नवऱ्याच्या पाठीकडे बघत होती. त्या पाठीवर, सदऱ्याच्या इस्त्रीच्या धारेवरून खाली, घामाचा मोठा डाग पसरत चालला होता. घाम चढावर येतो, आणि इथे तर गल्ली सपाट होती.

पुढच्याच वळणावर तिनेच हात वर केला. "ते बघा," ती म्हणाली, "छत्र्या."

खरंच छत्र्या होत्या. चिंचोळं दुकान, छताला टांगलेल्या छत्र्या, भिंतीला टेकवलेल्या काठ्या आणि आत एक म्हातारा एका उलट्या छत्रीची काडी दोऱ्याने बांधत बसलेला. मास्तर झपाट्याने पुढे झाले, पण बाकीचे पाठोपाठ होते, कानात काही सांगायला सवडच नव्हती. त्यांनी हात पसरले आणि "काय, ओळखलंत ना?" एवढंच म्हणाले. त्या विचारण्यात विनवणी एवढी होती की बहिऱ्यालाही ऐकू आली असती.

म्हाताऱ्याने मान वर केली. त्याने मास्तरांचा घामेजलेला चेहरा पाहिला, दारातली तीन माणसं पाहिली, त्यांतल्या मास्तरांच्या बायकोवर त्याची नजर क्षणभर थांबली. मग छत्री बाजूला ठेवून तो उठला.

"या," तो म्हणाला. "या खेपेला फार दिवस लावलेत."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला, पण तिथे फार वेळ राहिला नाही. कारण म्हातारा रंगात आला. त्याने स्टुलं मांडली, बायकोला "वहिनी" म्हणून बसवलं आणि मास्तरांचं या दुकानातलं चरित्र सांगायला घेतलं. पहिल्या खेपेला हे पावसात निथळत आत शिरले आणि छत्री न घेताच गप्पा मारून गेले. एकदा याच स्टुलावर तापाने फणफणले होते, तेव्हा म्हाताऱ्याने स्वतः कपाळावर पट्ट्या ठेवल्या. एकदा यांनी बाजारातलं भांडण सोडवलं, तेव्हापासून मटणवाला आणि त्याचा शेजारी एकमेकांशी बोलतात. मास्तर आपलंच चरित्र तन्मयतेने ऐकत होते. एके ठिकाणी तर त्यांनी "मग?" असंही विचारलं.

साडूंना काहीतरी खटकत होतं, पण कुठे ते सापडत नव्हतं. बोट एक दिवस थांबते, हे तो दिवस इथे बसून काढतात, मग हे शहर बघतात कधी, असं त्यांनी विचारलं.

"बघून झालंय त्यांचं," म्हातारा म्हणाला आणि चहा ओतायला आत गेला.

तिथे घोड्याने पेंड खाल्ली. त्याने सगळ्यांच्या हातात पेले दिले आणि मास्तरांच्या पेल्यात प्रेमाने भरपूर साखर ढवळली. "तुमचा नेहमीसारखा," तो म्हणाला. "गोडमिट्ट."

मास्तर साखर घेत नसत. लग्नाच्या आधीपासून घेत नसत. ताईंच्या घरी तर त्यांचा चहा वेगळ्या भांड्यात होई, आणि त्या दर वेळी त्यावरून कुरकुर करत.

"अगं," ताई बहिणीला म्हणाल्या, "हे तर बिनसाखरेचा घेतात ना?"

म्हाताऱ्याचा चमचा हातातच राहिला. साडूंनी पुढे वाकून पेल्यात पाहिलं, आणि त्यांना जे खटकत होतं ते आता सापडणार असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसू लागलं. मास्तर छताच्या छत्र्यांकडे बघत होते. संपलं, ते मनात म्हणाले. इतकी वर्षं टिकलं आणि साखरेत बुडालं. बायकोकडे बघायचं धैर्य त्यांना झालं नाही.

बायको मात्र त्यांच्याकडे बघत होती. तिने त्या पेल्याकडे पाहिलं, म्हाताऱ्याच्या थबकलेल्या हाताकडे पाहिलं, नवऱ्याच्या सदऱ्यावरच्या डागाकडे पाहिलं, आणि तिला सगळंच्या सगळं कळलं. तिचा चेहरा क्षणभर उतरला. तो फक्त म्हाताऱ्याने पाहिला.

"घरी बिनसाखरेचा," ती सावकाश म्हणाली. "घरी मी देत नाही म्हणून. बाहेर काय काय चालतं ते मला फोनवर सांगत असतात सगळं." मग म्हाताऱ्याकडे वळून ती म्हणाली, "गुडघे कसे आहेत आता तुमचे?"

"गुडघे?" म्हातारा म्हणाला. मग लगेच त्याने गुडघ्यावर हात ठेवला. "चाललंय, वहिनी. तुम्ही आठवण ठेवलीत."

साडू मागे टेकले. ताई म्हणाल्या, बघा, किती माया आहे माणसाला. मास्तरांनी तो गोडमिट्ट चहा तोंड वाकडं न करता शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, आणि साडूंनी ओळखीचं दुकान म्हणून सगळ्यांत मोठी छत्री घेतली.

निघताना म्हाताऱ्याने मास्तरांची बाही धरून त्यांना जरा मागे ठेवलं. "दर बोटीला एखादा येतोच," तो हळूच म्हणाला. "कुणाचा मी दोस्त असतो, कुणाचा उस्ताद. एकाचा तर मानलेला बाप झालोय. वहिनी मात्र हुशार आहेत हं. पुढच्या खेपेला एकटे या, बिनसाखरेचा करतो."

परतीला साडू आणि ताई पुढे होते. साडू नवी छत्री काठीसारखी टेकत पायऱ्या उतरत होते आणि किती मिनिटं लागतात ते घड्याळात बघत होते. मास्तर आणि त्यांची बायको मागे राहिले. पुष्कळ पायऱ्या झाल्यावर तिने विचारलं, "किती वेळा उतरलात इथे?"

मास्तरांनी उत्तर शोधून पाहिलं. एकही थाप तोंडाशी आली नाही.

"आज," ते म्हणाले.

"आणि बाकीच्या गावांत?"

"तिथे नाहीच."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं असं मास्तरांना वाटलं. ती नुसती चालत राहिली. मग ती बोलायला लागली तेव्हा तिचा आवाज अगदी रोजचा होता. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, पोरांच्या परीक्षा होत्या, छप्पर गळत होतं, तेव्हा ती बादल्या लावत लावत मनात नवऱ्याला शिव्या देत असे. हा बाबा तिकडे बुरूज बघतोय म्हणून.

"जळायची मी तुमच्यावर," ती म्हणाली. "आणि मग म्हणायची, जाऊ दे. दोघांतलं एक तरी हिंडतंय ना. तेवढ्यावर काढलं हो मी सगळं." ती एका पायरीवर थांबली. "आणि तुम्हीसुद्धा कुठे गेलाच नाहीत."

चूक झाली, असं मास्तरांना म्हणायचं होतं, पण एवढ्या वर्षांना तो शब्द पुरेना. ते नुसते तिच्याबरोबर पायरीवर उभे राहिले.

"जिथे असायचात ती जागा दाखवा मला," ती म्हणाली.

"तिथे बघण्यासारखं काही नाही गं."

"बघण्यासारखं आजवर पुष्कळ दाखवलंत."

बोटीवर चढल्यावर ताई आणि साडू वरच्या डेकवर गेले. बंदर सोडताना शहर बघायला साडूंना पुढची जागा धरायची होती. मास्तर बायकोला मागच्या लोखंडी जिन्याने खाली घेऊन गेले, एक मजला, मग आणखी एक, मग जिथे गालिचा संपून नुसता पत्रा लागतो तिथून आणखी खाली. उतारूंना इथे यायला मनाई होती. मुकादमाने दोघांना पाहिलं आणि पाठ फिरवून तो एका यंत्राचा काटा फार बारकाईने वाचू लागला.

बायकोने सगळीकडे पाहिलं. वाफ, पाइप, पांढऱ्या कापडांचे ढीग. तिने खिडकी शोधली, ती कुठेच नव्हती. ज्या भिंतीशी फोन होता तिथे ती जाऊन उभी राहिली. रंगाचा एक गोल पट्टा तिथे घासून गेला होता, माणूस बोलताना खांदा टेकतो तेवढ्या उंचीवर. तिने तिथे आपला खांदा टेकवून पाहिला. तो पट्ट्याच्या जरा खाली आला.

रजा संपली होती. मास्तरांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि ढिगातली एक मोठी चादर ओढली. तिने न विचारता दुसरी बाजू उचलली. दोघांनी चादर ताणली, झटकली. तेवढ्यात पायाखालचा पत्रा बारीक थरथरला.

"निघालो," मास्तर म्हणाले. "तू वर जा ना. ताई वाट बघत असतील. शहर मागे पडताना फार छान दिसतं."

"तुम्ही पाहिलंय?"

"नाही."

"मग इथूनच सांगा."

मास्तर घुटमळले. "अगं, आता तुला सगळं माहीत आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली. "टोक नीट धरा आणि सांगा."

मास्तरांनी टोक नीट धरलं. "आधी धक्का सुटतो," ते म्हणाले. "मग माणसं बारीक होतात. कोणीतरी कोणालातरी हात हलवत असतं, कोणाला ते कळत नाही. मग घरांचे दिवे लागायला लागतात, खालून वर, एकेक करत."

"आणि?"

मास्तर पुढे आले, तीही पुढे आली. तिने आपली टोकं त्यांच्या हातात दिली आणि वाकून चादरीची खालची कड उचलली.